दांडी आणि शिटेची फळी: खुराडं बांधताना या चुका टाळा

खुराडं बांधायला घेतलं की सगळं लक्ष दार, जाळी, कडी आणि छपराकडे जातं. रात्री बसायची दांडी मात्र शेवटी ठोकली जाते, उरलेल्या लाकडाची आणि उरलेल्या जागेत. माझ्या पहिल्या खुराड्यात मी हेच केलं आणि पुढे दोनदा सगळं उपसून पुन्हा बांधावं लागलं. कोंबडी जवळजवळ निम्मं आयुष्य त्या दांडीवर काढते आणि शिटेचा मोठा वाटा रात्री बसल्या जागीच टाकते. म्हणून आता मी आधी दांडीची जागा ठरवते, मग तिच्याखालची शीट झेलणारी फळी, मग अंड्यांची खोकी. दार आणि खिडक्या त्यानंतर.

कोंबड्या अंड्यांच्या खोक्यात झोपतात

अंडी रोज बरबटलेली मिळत असतील तर आधी उंची मोजा. तिन्हीसांजेला कोंबडी आतली सगळ्यात उंच जागा शोधते. खोकी आणि दांडी एका उंचीवर असतील, तर निम्म्या कोंबड्या खोक्यात किंवा त्यांच्या छपरावर जाऊन बसणार. माझ्याकडे दांडी खोक्यांपेक्षा जेमतेम दोन बोटं वर होती. मी रोज अंधारात एकेकीला उचलून दांडीवर ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दांडी फूटभर वर नेली, आठवडाभर संध्याकाळी खोक्यांची तोंडं झाकली, आणि तो त्रास संपला.

खोकी फळीच्या खाली बसवली तर फळीच त्यांचं छप्पर होते. जमिनीपासून फूटभर उंचीवर खोकी, त्यांच्यावर फळी आणि फळीच्या वर सहा ते आठ इंचांवर दांडी, हा हिशेब लहान खुराड्यात चांगला बसतो. याहून कमी अंतर ठेवलं तर फळी खरवडायला हात आत जात नाही.

दिवेलागणीला रोजची मारामारी

प्रत्येक कोंबडीला ८ ते १० इंच दांडी लागते, अंगाने भरलेल्या जातीला १२ इंच. म्हणजे सहा साध्या कोंबड्यांना ४ ते ५ फूट. पण मारामारीचं कारण दर वेळी जागेची कमतरता नसतं. शिडीसारख्या चढत्या दांड्या लावल्या की सगळ्यांना वरचीच दांडी हवी असते. तिथे चोची चालतात, हरलेली खाली बसते आणि रात्रभर वरचीची शीट अंगावर घेते. सकाळी जिची पाठ माखलेली, ती कळपात सगळ्यात दबलेली, हे न चुकता दिसतं. दोन दांड्या लागणार असतील तर दोन्ही एकाच उंचीवर ठेवा, मध्ये किमान फूटभर अंतर सोडून. भिंतीपासूनही फूटभर सोडा, नाहीतर शेपट्या भिंतीला घासून झिजतात.

लंगडणारी कोंबडी

याची तीन कारणं दांडीशीच जोडलेली असतात.

पहिलं, दांडीची कड. नवीन चौकोनी पट्टीच्या धारदार कडा आणि कुसळं तळव्यात रुततात, बारीक जखम होते, तीत जंतू शिरतात आणि तळव्यावर मधोमध काळी खपली धरलेली गाठ येते. यालाच बंबलफूट म्हणतात. कडा रंध्याने गोल करा, वर पॉलिश पेपर मारा आणि शेवटी स्वतःचा तळहात सगळ्या लांबीवर जोराने फिरवून बघा. हाताला काही टोचलं तर काम अजून बाकी आहे.

दुसरं, जाडी आणि वस्तू. दीड-दोन इंच रुंद लाकूड बहुतेक कोंबड्यांना सोयीचं पडतं. कडाक्याची थंडी असेल तिथे साडेतीन-चार इंची पट्टी आडवी टाकावी, म्हणजे बसलेल्या कोंबडीची पिसं बोटांवर पसरून ती उबदार राहतात. गुळगुळीत प्लॅस्टिकचा पाइप टाळा, त्यावर पाय घसरतो आणि कोंबडी रात्रभर तोल सावरत बसते. धातूचा पाइप तर घसरतोही आणि थंडीत गारही पडतो. सहा फुटांहून लांब दांडीला मधे टेकू द्या, वाकलेल्या दांडीवर सगळ्या मधल्या खोलगट भागाकडे सरकतात.

तिसरं कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: खाली उतरणं. वर चढताना कोंबडी टप्प्याटप्प्याने जाते, पण सकाळी थेट उडी टाकते. दांडी चार फुटांवर आणि समोर मोकळी जागा दोनच फूट असेल तर ती भिंतीवर आदळते किंवा दगडासारखी सरळ खाली येते. त्यात पायच काय, छातीचं हाडही मोडू शकतं. दांडी जितकी उंच, साधारण तितकी जागा समोर मोकळी हवी. नसेल तर दांडी खाली आणा किंवा आडव्या पट्ट्या ठोकलेला उतार द्या. जड जातींना दीड-दोन फुटांची उंची पुरते. त्यांच्या उडीखाली भुशाची जाड गादी असू द्या.

शीट फळीवर पडतच नाही

फळी दांडीच्या बरोबर खाली मध्यावर लावली आणि रुंदी फूटभरच ठेवली, तर निम्मी शीट भिंतीवरून ओघळते. दांडीवरच्या कोंबडीकडे बाजूने नीट बघा: तिची शेपूट दांडीच्या बरीच मागे असते आणि शीट तिथे पडते. कोंबड्या कधी भिंतीकडे तोंड करून बसतात, कधी उलट. त्यामुळे एका दांडीला दोन फूट रुंद फळी धरा, भिंतीला चिकटूनच सुरू होणारी.

फळीचं लाकूड उघडं ठेवू नका. प्लायवूड ओल पिऊन फुगतं आणि वास धरून बसतं. ऑइल पेंटचे दोन हात द्या, किंवा फरशीवर अंथरायचा विनाइलचा तुकडा चिकटवून मागच्या भिंतीवर तीन-चार इंच चढवा, म्हणजे कोपऱ्यातली फट बंद होते. पुढे ठोकून बसवलेली उंच कड नको, तिच्या आत साठलेलं बाहेर ओढता येत नाही. कड निघणारी करा.

आणि फळीच्या पूर्ण लांबीचं दार बाहेरून उघडेल असं बघा. मी हे कळकळीने सांगते आहे. आत वाकून, डोकं आपटत करायचं काम चार दिवस होतं, पाचव्या दिवशी राहून जातं. दार उघडलं, खाली बादली लावली आणि रुंद पट्टीने ओढलं की दोन मिनिटांत फळी साफ. बोटभर कोरडी वाळू पसरलीत तर चाळणीच्या पळीने वरच्यावर वेचून काढता येतं.

निघालेलं खत ताजं झाडांना घालू नका, मुळं जळतात. वाळक्या पानांबरोबर काही महिने कुजू द्या.

सकाळी डोळ्यांना झोंबणारा वास

हा अमोनिया. दाराशी उभं राहून तो नेमका कळत नाही. पहाटे दार उघडताच आपलं तोंड दांडीच्या उंचीवर न्या आणि श्वास घ्या. तुम्हाला झोंबलं, तर त्यांनी तेच रात्रभर घेतलं आहे. यावर पुष्कळजण फळीवर चुना किंवा राख टाकतात. ओल्या शिटेत ते मिसळलं की अमोनिया उलट जास्त सुटतो. फळी रोज साफ करा आणि हवेचे झरोके कोंबड्यांच्या डोक्याच्या वर, छपरालगत ठेवा. दांडीच्या रेषेत वारा घुसत असेल तर ती फट बुजवा. पाण्याचं भांडं दांडीखाली असेल तर तेही हलवा.

आत यायलाच तयार नाहीत

नेहमी आपणहून चढणाऱ्या कोंबड्या अचानक दाराबाहेर घुटमळू लागल्या, तुरे फिके दिसू लागले, तर लाल माइटचा संशय घ्या. हे किडे दिवसा दांडीच्या खाचेत लपतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात, त्यामुळे दिवसा कोंबडी तपासून काही हाती लागत नाही. अंधार पडल्यावर तासाभराने बॅटरी घेऊन जा आणि दांडीच्या खालच्या अंगावरून पांढरं फडकं ओढा. फडक्यावर तांबडे ठिपके चिरडलेले दिसले की खात्री झाली.

इथे बांधणीतली चूक महागात पडते. खिळ्यांनी कायमची ठोकलेली दांडी काढता येत नाही आणि किडे टोकाशीच असतात. म्हणून टोकं खाचेत नुसती टेकवा. काढा, उकळतं पाणी ओता, घासा, उन्हात वाळवा, खाचेतही तेच करा. आठवड्याने पुन्हा करा, कारण गरम हवेत नवी पिढी तेवढ्यात तयार होते. खुराडं रिकामं ठेवून ते मरत नाहीत, उपाशी कित्येक महिने तग धरतात.

फळी रोज बघत चला

पांढरी टोपी असलेली घट्ट शीट निरोगी. मधूनच पडणारी तपकिरी, चिकट, घाण वासाची शीटही नेहमीचीच, तिला घाबरू नका. बिनकवचीचं अंडं पडलेलं दिसलं तर ते कुणाच्या जागेखाली आहे ते लक्षात ठेवा, बहुतेक कोंबड्या रोज ठरलेल्या जागी बसतात. रक्त दिसलं तर मात्र थांबू नका. तो रक्ती हगवणीचा आजार असू शकतो, आणि लहान पिल्लं त्यात लवकर दगावतात. त्या जागेखालची शीट कागदात घेऊन त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे जा.