पेट्रोलचा काटा चुकतोय? मीटर बदलण्याआधी काळी वायर बघा

कोल्हापुरात बोटीचं इलेक्ट्रिक काम शिकायला येणारी पोरं बहुतेक आयटीआयमधून नाहीतर मोटार वायरिंगच्या दुकानातून येतात. हात बसलेला असतो, पण एक सवय आडवी येते, ती म्हणजे बॉडी अर्थ. ट्रकला, ट्रॅक्टरला चेसिस हाच निगेटिव्ह. टँक युनिटला (टाकीतली पेट्रोलची पातळी मीटरला कळवणारा भाग) एक वायर दिली की काम झालं. फायबरच्या बोटीला चेसिस कुठून आणणार? तिथं टाकीवरच्या युनिटची अर्थ वायर वेगळी ओढून थेट निगेटिव्हपर्यंत नेलेली असते. काटा बिघडला की बहुतेक वेळा दोष या काळ्या वायरीचा निघतो, आणि बदललं जातं मीटर.

हे काम मे महिन्यातच उरकून घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागली की पुरातल्या बचावाच्या बोटी चिखली-आंबेवाडीच्या दिशेनं निघतात. तेव्हा मल्टिमीटर काढायला कुणाला उसंत नसते.

सुरुवात वासापासून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळात साचून राहते. झाकणं उघडा, ब्लोअर असेल तर निदान चार मिनिटं चालवा, वास येत असेल तर स्विचला हात लावू नका. युनिट उघडताना बॅटरीचा मेन स्विच बंद. आणि वायर टेकवून बघायची ती मीटरपाशी, टाकीपाशी कधीच नाही.

मीटरच्या मागं तीन टोकं असतात: 'आय'वर चावीचा सप्लाय (बहुधा जांभळी वायर), 'एस'वर टाकीकडून आलेली (बहुधा गुलाबी) आणि 'जी'वर अर्थ. चावी चालू करून 'आय' आणि 'जी'मध्ये व्होल्टेज मोजा. १२च्या आसपास मिळालं तर पुढं चला. नाही मिळालं तर मल्टिमीटरची काळी पिन 'जी'वरून काढून बॅटरीच्या निगेटिव्हवर लावा. आता १२ आले तर सप्लाय ठीक, अर्थ तुटलेली. तरीही शून्य, तर फ्यूज बघा.

आता 'एस'ची वायर काढा आणि काट्याकडं बघा. मग वायरीच्या तुकड्यानं 'एस' आणि 'जी' क्षणभर जोडा. अमेरिकन पद्धतीच्या मीटरचा काटा वायर काढल्यावर रिकाम्यावर पडतो, जोडल्यावर भरलेल्यावर जातो. युरोपियन मीटरचं बरोबर उलटं. काटा असा इकडून तिकडं फिरला तर मीटर निर्दोष आहे, ते पॅनलमधून उपटू नका. चुकूनही 'आय' आणि 'एस' जोडू नका. पूर्ण १२ व्होल्ट टाकीतल्या युनिटला जातात.

पद्धत ओळखायची ती ओहमवरून, म्हणजे युनिटच्या रेझिस्टन्सवरून (विजेला होणाऱ्या अडथळ्यावरून). अमेरिकन युनिट रिकाम्या टाकीला २४०, अर्ध्याला सुमारे १०३, भरलेल्याला ३३ ओहम दाखवतं. युरोपियन रिकाम्याला १०, भरलेल्याला १८०. मिळेल ते युनिट बसवलं की ही जोडी फुटते. अमेरिकन युनिट युरोपियन मीटरला लावलं तर रिकामी टाकी भरलेली दिसते. पुरात याच्याइतकी घातक चूक दुसरी नाही.

मीटर ठीक निघालं तर चावी बंद करा आणि काढलेली 'एस' वायर व 'जी' यांच्यामध्ये ओहम मोजा. मग टाकीपाशी युनिटच्या वायरी सोडवून थेट त्याच्या दोन टोकांवर मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. समजा टाकीपाशी ३३ आले आणि मीटरपाशी ६३. मधले ३० ओहम कुठंतरी जॉइंटमध्ये खाल्ले जातायत, आणि भरलेली टाकी पाऊण दिसते. थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी) उघडा. आपल्याकडं समुद्राचं खारं पाणी नाही, पण पुराचा गाळ थिंबलमध्ये शिरतो आणि बोट पुढच्या पावसाळ्यापर्यंत शेडमध्ये पडून असते. तांब्यावर हिरवा कळंक चढतो, वायर आतून काळी पडते. पॉलिश पेपर मारून पुन्हा तेच थिंबल दाबू नका. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापा, टिनचा मुलामा असलेलं नवं थिंबल क्रिम्प करा आणि वर गोंदवाली हीटश्रिंक नळी चढवा.

टाकीपाशीचा आकडाच चुकत असेल तर युनिट बाहेर काढावं लागतं. आधी भोवतीचा गाळ पुसून घ्या, नाहीतर तो टाकीत पडणार. साधारण पाच स्क्रू असतात आणि एक भोक मुद्दाम सरकवलेलं असतं, म्हणून ते एकाच दिशेनं बसतं. दांडी न वाकवता तिरकं ओढा. फ्लोट (दांडीच्या टोकाचा तरंगता गोळा) कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो बुडणारच. मग मल्टिमीटरला लावून दांडी सावकाश वरखाली करा. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच तुटला तर रेझिस्टन्सचा ट्रॅक झिजलाय. इथं जुना काट्याचा मल्टिमीटर डिजिटलपेक्षा बरा, झटका लगेच दिसतो. उभ्या नळीचं रीड स्विचवालं युनिट मात्र टप्प्याटप्प्यानंच आकडा बदलतं, तो दोष नाही.

दांडी सांध्यात चिकटत असेल तर जुन्या पेट्रोलचा डिंक धरलाय. पेट्रोलमधलं इथेनॉल (आपल्याच उसाचं म्हणा ना) पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की ते दोन्ही खाली बसतात आणि युनिटचं खालचं टोक गंजतं. शेडमध्ये जाण्याआधी टाकी रिकामी केलेली बरी.

बसवताना दांडीचा सांधा टाकीच्या खोलीच्या निम्म्यावर यावा आणि फ्लोट तळाला किंवा छताला घासू नये. गॅस्केट नायट्राइल रबराचं घ्या. साधं सिलिकॉन लावू नका, पेट्रोलमध्ये ते फुगून सुटतं. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.

हे सगळं करूनही काटा 'खोटं' बोलतोय अशी तक्रार येते, तेव्हा टाकीचा आकार बघा. तळाला निमुळत्या, पूर्ण त्रिकोणी टाकीत निम्म्या उंचीला पाव पेट्रोल असतं: ४० लिटरच्या टाकीत काटा मध्यावर, आत फक्त १०. म्हणून रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर ओतत, बोट सपाट ठेवून, काटा कुठं येतो ते लिहून घ्या आणि तो कागद लॅमिनेट करून मीटरशेजारी चिकटवा. रबरी बोटीच्या सुट्या टाकीला यातलं काहीच लागत नाही. तिच्या झाकणातच फ्लोटचा यांत्रिक काटा असतो, अडकला तर झाकण काढून दांडी पुसली की झालं.