स्वादुपिंडातली गाठ: कॅन्सर ठरवण्याआधी या चुका टाळा

तालुक्याला सोनोग्राफी होते, रिपोर्टमध्ये ‘स्वादुपिंडाच्या शेपटीत पाण्याची गाठ’ असं येतं आणि संध्याकाळपर्यंत घरी रडारड सुरू होते. ‘डॉक्टरसाहेब, कॅन्सरच आहे का जी?’ त्या क्षणी ‘हो’ म्हणणं चूक, आणि ‘काही नाही, जा घरी’ म्हणणंही तितकंच चूक.

स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेलं असतं. पोटात वायू असला की सोनोग्राफीत त्याची शेपटी धड दिसत नाही. शिरेतून औषध देऊन, स्वादुपिंडासाठी ठरलेल्या पद्धतीने केलेला सीटी, आणि शक्य असेल तर एमआरसीपी (पित्ताच्या व स्वादुपिंडाच्या नळ्या दाखवणारा एमआरआय), एवढं झाल्याशिवाय गाठीला नाव देऊ नये.

आधी माणसाला नीट विचारलं पाहिजे, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं. पूर्वी पोटात भयंकर दुखून भरती व्हावं लागलं होतं का? पित्ताशयात खडे? बैलाचा धक्का, सायकलचं हँडल पोटात लागणं? दारू? काकाजींना सुनेसमोर दारूचं विचारलं तर उत्तर ‘नाही’च येणार, म्हणून एकट्यात विचारावं. स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर चार-सहा आठवड्यांत तिथे पाण्याची खोटी गाठ तयार होऊ शकते. तिच्या पाण्यात अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाचा पाचक रस, भरपूर सापडतं. ती कॅन्सर नसते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती एका आकड्यावरून निकाल देण्याची. रक्तातलं सीए १९-९ (कॅन्सरच्या शंकेत तपासतात तो एक घटक) नुसत्या पित्ताची वाट अडून झालेल्या काविळीतही चढतं. एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडने (तोंडातून दुर्बीण घालून आतून केलेल्या सोनोग्राफीने) सुई घालून गाठीतलं पाणी काढलं आणि त्यात सीईए हा असाच दुसरा घटक १९२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर आला, तर गाठ म्युकसवाली, म्हणजे चिकट स्राव बनवणारी, असण्याची शक्यता वाढते. अशा गाठीचा पुढे कॅन्सर होऊ शकतो, पण म्हणून ती आजच कॅन्सर आहे असं नाही. शिवाय याला एक मोठा अपवाद आहे: लिम्फोएपिथेलियल सिस्ट. १९८५ साली प्रथम नोंदली गेलेली ही दुर्मीळ गाठ बहुतेक मध्यमवयीन किंवा उतारवयाच्या पुरुषांत आढळते. तिचं अस्तर कातडीसारखं, भोवती लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी, आत दह्यासारखा घट्ट केराटिनचा (कातडी-नखांतल्या प्रथिनाचा) गाळ. ती निरुपद्रवी असते, तरी तिच्यात सीईए आणि सीए १९-९ दोन्ही प्रचंड वाढलेले असू शकतात. म्हणून सुईत घट्ट पांढरा गाळ आला, तर पॅथॉलॉजिस्टला तसं लिहून कळवावं आणि स्लाइडमध्ये केराटिन शोधायला सांगावं.

वयस्क बायांमध्ये मधाच्या पोळ्यासारखी, मध्यभागी व्रण असलेली सीरस (पातळ पाण्याची) गाठ दिसली आणि त्रास नसेल, तर सहसा लक्ष ठेवणं पुरतं. स्वादुपिंडाचं ऑपरेशन साधं नाही. भाग काढला की मधुमेह मागे लागू शकतो.

मेंढ्या आणि कुत्र्यांच्या सहवासातल्या माणसात हायडॅटिडचा (कुत्र्यांकडून येणाऱ्या जंताच्या गाठीचा) विचार न करता सुई घालू नये, जीवघेणी ॲलर्जी उसळू शकते. आपल्याकडे टीबीही स्वादुपिंडात कॅन्सरचं सोंग घेतो.

मात्र कावीळ, झपाट्याने उतरलेलं वजन, गाठीत घट्ट मांसल भाग किंवा दहा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फुगलेली स्वादुपिंडाची मुख्य नळी असेल, तर कापूस वेचणी संपायची वाट पाहू नका. नागपूरला जाताना छापील रिपोर्टसोबत सीटीची सीडीही घ्या.