स्वतःची शंका आणि तज्ज्ञांचे निदान: मानसोपचार विभागात जाण्यापूर्वीची तयारी

मोबाइलवर नऊ प्रश्नांची उत्तरे दिली की ‘तीव्र नैराश्य’ असा निकाल समोर येतो आणि माणूस त्या दोन शब्दांना धरून रात्र जागून काढतो. ही प्रश्नावली खोटी नाही. पीएचक्यू-९ या नावाने डॉक्टरही ती वापरतात. गेल्या दोन आठवड्यांविषयीच्या प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, असे एकूण २७ गुण असतात आणि १० किंवा त्याहून अधिक गुण पडले तर पुढील तपासणी करून घ्यावी, एवढेच ती सुचवते. त्रास किती आहे याचा अंदाज तिच्यातून येतो. तो कशामुळे आहे, हे कळत नाही.

यावल तालुक्यातील माझ्या मावसबहिणीला १९ गुण पडले होते. आपल्याला नैराश्यच आहे असे धरून तिने तीन महिने काढले. अखेर तिला सरकारी रुग्णालयात नेले, तेव्हा मानसोपचार तज्ज्ञांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, केस गळतात का, थंडी सोसते का, पाळी वेळेवर येते का, असे विचारले आणि आजाराचे कोणतेही नाव न घेता हिमोग्लोबिन, टीएसएच व बी-१२ या तपासण्या लिहून दिल्या. टीएसएच बरेच वाढलेले निघाले, म्हणजे थायरॉइड ग्रंथी मंदावलेली होती. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले की थकवा, सुस्ती आणि उदासी अशीच येते, आणि ती मोबाइलवरच्या प्रश्नांत हुबेहूब नैराश्यासारखी दिसते.

तरीही स्वतःची शंका मनातच दाबून टाकावी असे मी मुळीच म्हणणार नाही. ज्या घरात ‘बाहेरचे काहीतरी झाले आहे’ म्हणून आधी भगताकडे जायचे ठरते, तिथे ‘हा आजार असू शकतो’ असे म्हणणाऱ्याने फार मोठे काम केलेले असते. त्या शंकेला निकाल न मानता तिच्यामागची हकीकत डॉक्टरांपर्यंत नीट पोहोचवावी, यासाठी हे लिहीत आहे.

एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि दोन आठवडे रोज रात्री चार-पाच ओळी लिहा: अंथरुणावर कधी पडलो, झोप कधी लागली, किती वेळा जाग आली, काय खाल्ले, कोणते काम टाळले. आजाराचे नाव लिहू नका, घडले ते लिहा. ‘पॅनिक अटॅक आला’ या नोंदीपेक्षा ‘धुळ्याच्या बसमध्ये एरंडोल सोडल्यावर छाती धडधडू लागली, हात गार पडले, दहा मिनिटांनी ओसरले’ ही नोंद डॉक्टरांच्या कितीतरी अधिक उपयोगाची असते. केळीला पाणी देण्यासाठी रात्रीच्या वीजपाळीत मोटार सुरू करायला जावे लागत असेल, तर तेही लिहा, कारण अशा जागरणाने मोडलेली झोप आणि आजारामुळे उडालेली झोप यांतला फरक वहीशिवाय सांगता येत नाही. दारू, तंबाखू, गुटखा, चालू असलेल्या गोळ्या आणि कुणी दिलेली जडीबुटी हेही लपवू नये.

एक गोष्ट मात्र रुग्णाला स्वतःहून आठवत नाही, म्हणून ती घरच्यांना विचारून लिहावी. पूर्वी कधी सलग चार दिवस किंवा त्याहून अधिक काळ फारच कमी झोप घेऊनही अंगात उत्साह मावत नव्हता, बोलणे थांबत नव्हते, पैसा बेफाम खर्च होत होता, असे घडले होते का? उदासी आणि अति उत्साह यांचे काळ येत-जात राहतात, त्या द्विध्रुवीय आजाराचा रुग्ण बहुधा उदासीच्या काळातच डॉक्टरांकडे येतो, आणि उत्साहाचा तो काळ आजार म्हणून कुणाच्या लक्षातही आलेला नसतो. अशा रुग्णाला नुसत्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर उन्माद उफाळून येऊ शकतो. म्हणूनच दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी स्वतःहून घेणे धोक्याचे आहे.

मरणाचे विचार येत असतील, कानात आवाज येऊन काही करायला सांगत असतील किंवा खाणे-पिणे बंद झाले असेल, तर वहीची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा, माणसाला एकटे ठेवू नका आणि फवारणीचे औषध घरातून हलवून दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात ठेवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

औषधे लिहून देणारे मानसोपचार तज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर त्या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि संवादोपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे विचारण्यात संकोच नको. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे तुमची माहिती गोपनीय ठेवावी लागते, आणि समाजाच्या रीतीविरुद्ध वागला एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही.

तपासणीच्या खोलीत प्रमाण मराठीची ओढाताण करू नका. ‘माले झोप येत नही, जीव घाबरस’ असे तोंडात येईल तसेच सांगा. डॉक्टर बाहेरगावचे असतील तर सोबतचा माणूस अर्थ सांगेल. मात्र काही मिनिटे एकट्याने बोलण्याची मागणीही जरूर करा. शेवटी विचारा की निदान पक्के आहे की तात्पुरते, आणखी काय असू शकते, आणि गोळीचा गुण किती दिवसांनी दिसेल. नैराश्याच्या गोळ्यांना बहुधा दोन ते चार आठवडे लागतात आणि त्या एकदम बंद करायच्या नसतात. पुढच्या तारखेपर्यंत वही चालूच ठेवा. पहिल्या भेटीतले आजाराचे नाव दुसऱ्या भेटीत बदलले, तर ते बहुधा त्या वहीतल्या नोंदींमुळेच बदललेले असते.