खोली ३,००० ला गेली, हातात किती आले?

बावीस वर्षं मी पतपेढीत खतावणी लिहिली. निवृत्तीच्या पैशातून दापोली तालुक्यात, कर्द्याला, आठ खोल्यांचं लॉज बांधलं. वाटलं होतं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब ठेवला, आता आपला ठेवणं काय अवघड! पहिली दोन वर्षं दिवाळी-नाताळ-मे महिना खोल्या भरलेल्या असायच्या आणि जून उजाडला की खात्यात हप्त्यापुरतेही पैसे नसायचे. बायको विचारायची, "एवढे पाहुणे आले, पैसे गेले कुठे?" मग जुन्या सवयीनं वही घेतली आणि एकेका खोलीच्या एकेका रात्रीचा हिशेब मांडायला लागलो. कोकणात नव्यानं लॉज काढणारे बरेच जण हल्ली विचारायला येतात, म्हणून तो हिशेब इथे लिहून ठेवतो. तुमचे आकडे वेगळे असतील, पद्धत हीच.

सुरुवात एका रात्रीपासून करा. महिन्याच्या एकूण जमेपासून करू नका, त्यात सगळं झाकलं जातं. माझी एक साधी खोली ३,००० रुपयांना, ऑनलाइन पोर्टलवरून गेली. माझ्या करारात पोर्टलचं कमिशन २० टक्के आहे. वहीत ती रात्र अशी दिसते:

पाहुण्यानं दिले: ३,०००, अधिक ५ टक्के जीएसटी १५०, एकूण ३,१५०
पोर्टलचं कमिशन: ६००
त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी: १०८
पोर्टलनं जीएसटीपोटी आगाऊ कापलेला टीसीएस, ०.५ टक्के: १५
आयकरापोटी आगाऊ कापलेला टीडीएस, ०.१ टक्के: ३
बँकेत जमा: २,४२४

या २,४२४ मधले १५० सरकारचे, ते पुढच्या महिन्यात भरायचे. राहिले २,२७४. टीसीएसचे १५ आणि टीडीएसचे ३ हा खर्च नाही, ते आपलेच पैसे आहेत, फक्त परत मागून घ्यावे लागतात. ते धरून २,२९२. चादरी धुणं, वीज, चहा-नाश्ता, पोऱ्याचा पगार आणि बँकेचा हप्ता हे सगळं या २,२९२ मधून जातं. तीन हजार मधून नाही, आणि ३,१५० मधून तर मुळीच नाही. पहिली दोन वर्षं मी ३,१५० हा आकडा डोक्यात ठेवून खर्च करत होतो. पतपेढीतला माणूस, तरी.

आता यातली खरी गोम १०८ रुपयांत आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. बातमी आली त्या दिवशी पुण्याहून जुन्या पाहुण्यांचे फोन सुरू, "काका, आता स्वस्त ना?" पण त्या ५ टक्क्यांना एक शेपूट आहे: इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेला कर वजा करून घेण्याची सोय, मिळत नाही. आधी मी पाहुण्याकडून ३६० रुपये कर घ्यायचो आणि सरकारला भरताना पोर्टलच्या कमिशनवरचे १०८ त्यातून वजा करायचो. साबण, फिनेल, इंटरनेट, सीएची फी, नवा एसी, गाद्या यांवरचा करही असाच वजा व्हायचा. आता तो सगळा कर माझ्या अंगावर. कमिशनचे १०८ आणि बाकी खरेदीचे, माझ्या वर्षभराच्या बिलांवरून काढले तर खोलीमागे साधारण ४०, असे १४८ रुपये.

म्हणजे भाव किती ठेवावा? आधी १२ टक्क्यांच्या काळात मला खोलीमागे कमिशन जाऊन २,४०० सुटायचे. तेवढेच आजही सुटायला हवे असतील तर २,४०० मध्ये ते ४० मिळवा, २,४४० झाले. पोर्टल दर शंभराला कमिशन आणि त्यावरचा कर मिळून २३ रुपये ६० पैसे नेतं, म्हणून २,४४० ला ०.७६४ नं भागा. उत्तर ३,१९४. त्यावर ५ टक्के लावले की पाहुण्याला ३,३५३ पडतात. आधी त्याला ३,३६० पडत होते. एवढ्या गाजलेल्या करकपातीत माझ्या पाहुण्याच्या वाट्याला सात रुपये!

पण तोच पाहुणा मला थेट फोन करून आला तर? आधीही त्याला ३,३६० च पडायचे. आता पोर्टलचं कमिशन नाही, कमिशनवरचा कर नाही, फक्त ४० अंगावर. भाव ३,०४०, कर धरून ३,१९२. त्याचे १६८ रुपये वाचतात आणि माझं काही जात नाही. म्हणून मी आता प्रत्येक खोलीत फोन नंबर लिहिलेलं कार्ड ठेवतो आणि पाहुणा निघताना बायको कोकमाची छोटी बाटली देते. पुढचा फोन थेट यावा, एवढंच. पोर्टल बंद मात्र करू नका, नवा माणूस तिथूनच येतो. एकदा आलेला माणूस दुसऱ्यांदा तिथून आला तर चूक आपली.

टीसीएस-टीडीएसचं थोडक्यात. जीएसटीच्या पोर्टलवर टीसीएसची नोंद स्वतः जाऊन स्वीकारावी लागते, तेव्हाच ती रोख खात्यात येते. माझे आठ महिन्यांचे पैसे तसेच पडून होते, कारण मला वाटायचं सीए बघतो आणि सीएला वाटायचं मी बघतो. टीडीएस आयकर खात्याच्या वार्षिक कर-उताऱ्यात दिसतो, तो विवरणपत्रात लावून घ्या.

आता ७,५०० ची गोष्ट. ही नीट वाचा, कारण ही मला महागात पडली.

३१ डिसेंबर २०२४. समोर समुद्र दिसणारी वरची खोली. मुंबईचं एक कुटुंब, चार माणसं, कुठेच जागा मिळेना. मी ८,२०० सांगितले, त्यांनी हूं की चूं केलं नाही. १८ टक्के लावून बिल केलं, कर भरला, विषय संपला असं वाटलं. पण १ एप्रिल २०२५ पासून नियम आला: मागच्या आर्थिक वर्षात एखादी जरी खोली एका रात्रीला ७,५०० च्या वर गेली असेल, तर त्या जागेतल्या उपाहारगृहाला पुढचं पूर्ण वर्ष ५ ऐवजी १८ टक्के जीएसटी. मी एक रात्र एक खोली विकली आणि माझं स्वयंपाकघर वर्षभरासाठी वरच्या पायरीवर जाऊन बसलं.

१८ टक्क्यांत क्रेडिट मिळतं, हे खरं. पण कशाचं? माझ्या स्वयंपाकघरात येतं काय? हर्णैच्या लिलावातली सुरमई, कोलंबी, सुटा तांदूळ, नारळ, भाजी. यांवर करच नाही, मग क्रेडिट कुठून आणणार? गॅसची टाकी आणि पॅकबंद तेल-मसाले, एवढंच. आणि पाहुणा थाळीचा भाव शेजारच्या खानावळीशी ताडून बघतो. माझी सुरमई थाळी ४०० ची, ५ टक्क्यांनी ४२०. पाहुण्याकडून ४२० च घ्यायचे ठरवलं, तर १८ टक्क्यांत माझ्या हाती ३५६ उरतात. थाळीमागे ४४ गेले. वर्षाला आमच्याकडे तीनेक हजार थाळ्या होतात. गॅसचं क्रेडिट धरूनही लाखाच्या वर गेले, त्या एका ८,२०० साठी!

मागच्या ३१ डिसेंबरला त्याच खोलीचा भाव ७,४०० ठेवला. मागणारे दहा हजारही द्यायला तयार होते. बायकोनं काउंटरच्या मागच्या भिंतीवर खडूनं ७,५०० लिहून त्याभोवती गोल काढलाय, तो अजून तसाच आहे. एप्रिलपासून स्वयंपाकघर परत ५ टक्क्यांवर आलं.

यात दोन फटी आहेत, त्यांतून लोक पडतात. एक, जादा गादीचे पैसे खोलीच्या किमतीतच धरले जातात. ६,५०० ची खोली आणि ६०० च्या दोन गाद्या झाल्या ७,७००, ओलांडली रेषा. दुसरी, जेवणासकटचं पॅकेज. खोली आणि जेवण एका भावात विकलं की सगळी रक्कम खोलीचीच धरली जाते. जेवण वेगळं ठेवायचं तर खरोखर वेगळं ठेवा, पाहुण्याला खायचं तर खाईल, नाहीतर बाहेर जाईल. नुसती कागदावर बिलं फाडून दोन केली तर तपासणीत उभी राहत नाहीत.

"बिल नको, जीएसटी काढून सांगा" म्हणणारे असतातच. पैसे तर सगळे यूपीआयनं देतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: चहा फुकट देतो, जीएसटी फुकट देता येत नाही.

आता टक्केवारी नसलेले खर्च. ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि पाणीपट्टी, अन्न परवाना, प्रदूषण मंडळाची संमती, अग्निशमनाची तपासणी, वर सीएची फी. माझे सगळे मिळून वर्षाला १,०८,००० होतात. हे खोली विकली गेली किंवा नाही, द्यावेच लागतात. हे रात्रीवर वाटताना लोक ८ खोल्या गुणिले ३६५, म्हणजे २,९२० नं भागतात आणि खोलीमागे ३७ रुपये आले म्हणून खूश होतात. चूक. विकल्या गेलेल्या रात्रींनी भागा. माझ्या वर्षाला ९०० रात्री जातात, पावसाळ्यात तर समुद्र आणि मी दोघंच असतो. १,०८,००० भागिले ९०० म्हणजे १२०. ३७ आणि १२० यांत जो फरक आहे, तोच पहिल्या दोन वर्षांत माझ्या खात्यातून गायब होत होता.

विजेचं बिल वेगळं काढून बघा. राज्य सरकारनं १ एप्रिल २०२१ पासून आतिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा दिला. वीजदर, वीज शुल्क, पाणीपट्टी, मालमत्ता कर हे व्यापारी दरानं न लावता उद्योगाच्या दरानं लावायचे असा तो निर्णय. पण तो आपोआप लागू होत नाही. आधी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी, मग ते प्रमाणपत्र घेऊन वीज कंपनी आणि ग्रामपंचायत यांच्याकडे वेगवेगळे अर्ज. आमच्या पट्ट्यातल्या निम्म्याअधिक लॉजवाल्यांनी अर्जच केलेला नाही. एसीवर चालणारा धंदा असेल तर या कागदांसाठी चार हेलपाटे मारायला हरकत नाही.

लॉज स्वतःचं नसेल, चालवायला घेतलं असेल, तर अजून एक गोष्ट. जागेचा मालक जीएसटीत नोंदलेला नसेल आणि तुम्ही असाल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी तुम्ही भरायचा. महिना ५०,००० भाडं असेल तर ९,०००. आणि ५ टक्क्यांच्या खोल्यांत त्याचं क्रेडिट नाही. करार करताना भाडं "कर धरून" की "कर सोडून", हे एक वाक्य लिहून घ्या. एक पोरगा माझ्याकडे करार सही करून झाल्यावर आला होता. त्याला काय सांगणार!

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, पोर्टलवरच्या बुकिंगचा जीएसटी पोर्टल भरतं. चार खोल्या असतील तर हेच बरं. फक्त ती उलाढाल एका पॅनवरची सगळी मोजतात. दापोलीत गाळा भाड्यानं दिला असेल तर ते भाडंही त्यात आलं.

राहिला भाव किती खाली आणायचा हा प्रश्न. मोसमाबाहेर यासाठी दुसरी रेघ आखून ठेवा. खोली विकल्यामुळेच होणारा खर्च तेवढा धरा: धुणं, वीज, नाश्ता, साबण, त्यांवरचा न मिळणारा कर. माझा तो ५५० होतो. त्या १२० चा विचार इथे करायचा नाही, ते पैसे आधीच गेलेत, खोली रिकामी ठेवून परत येत नाहीत. पोर्टलवरून आला तर ५५० भागिले ०.७६४, म्हणजे ७२०, त्याखाली नाही. थेट आला तर ५५० च्या वरचं सगळं आपलं.

गेल्या नोव्हेंबरात, दिवाळीची गर्दी ओसरल्यावर, एका मंगळवारी संध्याकाळी कोल्हापूरचे दोन बाइकवाले दारात उभे. आठही खोल्या रिकाम्या. "काका, ९०० देतो, कर बीर सगळं धरून." मी मनात १.०५ नं भागलं, ८५७. त्यातून ५५० गेले, ३०७ राहिले. "या," म्हटलं. रात्री त्यांनी कांदाभजी मागितली. प्लेटचे ६० रुपये वेगळे घेतले. स्वयंपाकघरासाठी ते वर्ष १८ टक्क्यांचं होतं, त्यामुळे त्यातले नऊ रुपये पंधरा पैसे सरकारचे.