‘कळलं’ आणि ‘लक्षात आलं’ इंग्रजीत वेगळं

मनातलं इंग्रजीत सांगताना पहिल्याच शब्दाला गाडी अडते. पीएमपीत (पुण्याच्या सिटी बसमध्ये) बसल्या बसल्या एवढं घोटा:

१. आशा असेल तर ‘आय होप’. ‘आय होप द रेन स्टॉप्स बाय सिक्स.’

२. विश्वास असेल तर ‘आय बिलीव्ह’. ‘आय ॲम बिलीव्हिंग’ नाही (आपल्याला तो ‘इंग’ फार लाडका).

३. खरी गोची इथे. दुसऱ्याकडून कळलं तर ‘आय फाउंड आउट’, आपलं आपल्या लक्षात आलं तर ‘आय रिअलाइज्ड’. स्वारगेटला उतरल्यावर: ‘आय रिअलाइज्ड आय हॅड लेफ्ट माय अम्ब्रेला ऑन द बस.’ माझी छत्री गेली, वाक्य मात्र पक्कं झालं.

जपून: नको असलेल्या गोष्टीला ‘होप’ लावू नका. ‘उशीर होईल वाटतं’ हे ‘आय ॲम अफ्रेड आय विल बी लेट’.