रत्नागिरीहून नुर्बुर्गरिंगला गाडी चालवायला जाताना

नुर्बुर्गरिंग म्हणजे जर्मनीतला मोटारशर्यतींचा ट्रॅक. तिथे जायचं तर आधी रत्नागिरीच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो एक वर्ष चालतो, पण मूळ लायसन्स सोबत हवंच. शेंगेन व्हिसा वेगळा. विमान कोलोन किंवा फ्रँकफर्टचं. न्यूरेंबर्गचं काढलंत तर फसलात, नावं जवळची एवढंच.

खरी गोम गाडीची. विमानतळावरची भाड्याची गाडी नॉर्डश्लाइफवर, म्हणजे या ट्रॅकच्या जुन्या लांब फेरीवर, नेली की सहसा करार मोडतो, विमाही हातचा जातो; कठडा वाकला तर त्याचं बिल तुमच्याच माथी. ट्रॅकजवळ त्यासाठीच्याच गाड्या भाड्याने मिळतात, त्या घ्या आणि नुकसान झालं तर जास्तीत जास्त किती भरावं लागेल ते आधी विचारा.

फेरी 20.8 किलोमीटरची, उंचीत सुमारे 300 मीटरचा फरक. आंबा घाटासारखंच, एका टोकाला ऊन, दुसऱ्याला पाऊस. ओव्हरटेक फक्त डावीकडून. मागून वेगवान गाडी आली की उजवा इंडिकेटर देऊन उजवीकडे राहा.