अमेरिकन घासाचं बी शोधू नका, आधी चाळणी घ्या

लसूणघास लावायचा विषय निघाला की हल्ली कोणीतरी मोबाइल पुढे करतं. “काकू, हे राउंडअप रेडी बी बघा. तणनाशक मारलं की तण जळतं अन् घास तसाच उभा. आपल्याकडं कुठं मिळेल?” कुठंच नाही. आपल्या देशात शेतकऱ्याच्या हाती आलेलं मंजूर जीएम, म्हणजे जनुकं बदललेलं, पीक म्हणजे बीटी कापूस, तो २००२ पासून. घासाला मंजुरी नाही. कोणी ‘आलंय’ म्हणून पिशवी दाखवलीच तर पक्की पावती मागा, माणूस पुन्हा दिसणार नाही.

त्या बियाण्यात काय घातलंय ते मात्र समजून घ्या, कारण तेवढंच काम आपल्याला हातानं करायचंय. एक गुण ग्लायफोसेट हे तणनाशक सोसायचा. दुसरा गुण हार्वएक्स्ट्रा नावाच्या घासात आहे, त्याला २०१४ साली अमेरिकेत मोकळीक मिळाली. त्यात लिग्निन, म्हणजे काडी कडक करणारा घटक, कमी, म्हणून काडी उशिरा निबर होते आणि कापणी आठवडाभर लांबली तरी चालते. तिकडं मोठमोठी रानं यंत्रानं एकदम कापतात, वाळवून गठ्ठे बांधतात. ऐन कापणीत पाऊस आला की सगळं खोळंबतं. आपल्या गोठ्यामागच्या वीस गुंठ्यांत विळा रोज चालतो, त्यामुळं ती अडचण आपली नाहीच.

आणि तिकडंही हे सुखासुखी झालं नाही. राउंडअप रेडी घासाला २००५ ला परवानगी, २००७ ला कोर्टानं नवी लागवड थांबवली, २०११ ला पुन्हा मोकळीक. घास वर्षानुवर्षं उभा राहतो आणि त्याचं परागीकरण मधमाश्या करतात. माशीला बांध कळत नाही. २०१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका शेतकऱ्याचा वाळका घास जीएमचा अंश सापडला म्हणून निर्यातीला नाकारला गेला होता.

आता आपलं रान. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जमीन निचऱ्याची हवी, पाणी साचलं की मुळ्या सडतात. शेणखत पूर्ण कुजलेलंच टाका; अमरवेल म्हणजे घासाला विळखा घालून त्याचा रस शोषणारं तण, तिचं बी जनावराच्या पोटातूनही जिवंत बाहेर पडतं. वाफे बांधायच्या आधी रान एकदा भिजवा, तण उगवू द्या आणि वखराची हलकी पाळी द्या. जमलं तर पुन्हा एकदा. खोल वखरू नका, नाहीतर खालचं तणाचं बी वर येतं. पंधरा-वीस दिवस जातात, पण पुढं खुरपणीच्या निम्म्या बाया वाचतात.

बी बहुवार्षिक घ्या. आम्ही राहुरी विद्यापीठाचं आरएल-८८ लावतो. एकरी १० किलो पुरतं. दुकानातून आणलं की ताटात पसरून उन्हात बघा. घासाचं बी पिवळसर, गुळगुळीत, बारीक, पण घाट वाटाण्यासारखा गोल नव्हे तर घेवड्याच्या दाण्यासारखा. अमरवेलीचं खसखशीपेक्षा जरा मोठं, गोलसर, खरबरीत, करडं. घासाचं बी अडेल आणि बारीक माल खाली पडेल अशी चाळणी घेऊन सगळं बी चाळा. खाली पडलेलं चुलीत घाला, उकिरड्यावर नको. लेबल असलेली पिशवीसुद्धा मी चाळल्याशिवाय रानात नेत नाही. मग रायझोबियम हे जिवाणू खत चोळून सावलीत सुकवा.

फोकून पेरू नका. ३० सेंटिमीटरवर ओळी, बी जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खोल. ओळी असल्या तर सायकल कोळपं फिरतं, आणि कोळपं फिरलं की ग्लायफोसेटची आठवण येत नाही. नत्र थोडंच द्या, स्फुरदाला हात आखडू नका.

एवढं करूनही अमरवेल दिसलीच, तर दिसेल ती पिवळ्या दोऱ्यांच्या चकत्यांत. नुसते दोरे ओढून काही होत नाही, काडीत रुतलेला तुकडा पुन्हा फुटतो. चकतीच्या बाहेर हात-दोन हात धरून घास मुळासकट खणा, तिथंच वाळवा, तिथंच जाळा. फुलं यायच्या आत हे उरकलं पाहिजे, कारण तिचं बी जमिनीत दहा-दहा वर्षं टिकतं. तो विळा दुसऱ्या वाफ्यात न्यायचा नाही.

लिग्निनचं उत्तर वाफ्यांच्या मोजणीत आहे. रानाचे साधारण २५ सारखे वाफे पाडा आणि रोज एक कापा. पहिली कापणी ५०-५५ दिवसांनी. पुढं शेवटचा वाफा होईस्तोवर पहिला तयार. शंभर काड्यांत दहांना फूल दिसलं की कापायचं. थंडीत फूल रेंगाळतं, तेव्हा बुडाशी बघा. नवे कोंब बोटाच्या पेराएवढे आले की वेळ झाली. जमिनीपासून चार बोटं ठेवून कापा, कोंब छाटले तर पुढची फूट मार खाते.

कापलेला घास तीन-चार तास सुकू द्या, कडब्याच्या कुट्टीत मिसळून टाका. उपाशी गायीपुढं नुसता ओला घास टाकला तर पोटफुगी ठरलेली, आणि ती कोणत्याही जातीच्या घासानं होते.

तीन वर्षांनी रान विरळ होतं. मधल्या फटीत पुन्हा घासाचंच बी टाकायचा मोह होतो, पण जुन्या घासाचा अंश जमिनीत नव्या घासाच्या रोपांना वाढू देत नाही. फटींत हिवाळ्यात ओट टाका, उन्हाळ्यात नांगरून मका करा. नवा घास दुसऱ्या तुकड्यात.